पदकानंतरचा जीआर

पी. व्ही. सिंधूला उपजिल्हाधिकारी करण्यासाठी आधी कायदा बदलावा लागला होता, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये तिनं बॅडमिंटनचं रौप्यपदक जिंकलं आणि आंध्र प्रदेश सरकारनं तिला गट-१ ची नोकरी देऊ केली. पण राज्यात १९९४ चा एक कायदा होता. सरकारी नोकरभरती कोणकोणत्या मार्गांनी होईल हे त्यात बांधून दिलेलं होतं, आणि मुख्यमंत्र्यांची घोषणा हा काही त्यातला मार्ग नव्हता. शेवटी मे २०१७ मध्ये विधिमंडळानं त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि जुलैमध्ये सिंधूच्या हाती नियुक्तीपत्र पडलं.

या प्रसंगाचं मला कौतुकही वाटतं आणि तो खटकतोही. कौतुक अशासाठी की, दार नाही हे त्या सरकारनं निदान मान्य केलं आणि विधिमंडळात जाऊन रीतसर दार बसवून घेतलं. आपल्याकडे बहुतेकदा खिडकीतूनच उडी मारली जाते आणि मग कुणी कोर्टात गेलं की खिडकीला दार म्हणायची धडपड सुरू होते. खटकतं ते हे की, दार एका व्यक्तीच्या मापानं आणि तिचं पदक आल्यानंतर बसवलं गेलं. सिंधूच्या गुणवत्तेबद्दल कुणाच्या मनात शंका असायचं कारण नाही. पण तिच्या आधी पदक आणणाऱ्यांसाठी ते दार कुठे होतं?

खेळाडूंच्या सरकारी नियुक्त्यांवरून होणारे कोर्टातले वाद आपण फार चुकीच्या चष्म्यातून पाहतो. एका बाजूला घाम गाळणारा खेळाडू, दुसऱ्या बाजूला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सात वर्षं बसलेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, असं चित्र रंगवलं जातं आणि मग जो तो आपापली बाजू निवडतो. प्रत्यक्षात या याचिका वाचल्या तर बऱ्याच ठिकाणी एक खेळाडू दुसऱ्या खेळाडूविरुद्ध उभा असतो. ‘त्याला दिली, मला का नाही?’ हा प्रश्न परीक्षार्थींपेक्षा खेळाडूच जास्त विचारतात. आणि त्याचं मूळ नेहमी एकाच ठिकाणी सापडतं: नियमाच्या आधी घोषणा झालेली असते.

आपल्याकडे क्रीडा कोटा म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे पाच टक्के समांतर आरक्षण. महाराष्ट्रात ते २००५ पासून आहे आणि २०१६ च्या शासन निर्णयानं त्याचे निकष नव्यानं बांधले गेले. इथे खेळाडू जाहिरात पाहून अर्ज करतो, इतरांसारखीच परीक्षा देतो, फक्त आपल्या प्रवर्गात खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांवर त्याचा विचार होतो. पात्र खेळाडू मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या बिगरखेळाडूला जाते. दुसरी गोष्ट म्हणजे थेट नियुक्ती. मंत्रालयाच्या भाषेत ‘अत्युच्च गुणवत्ताधारक’ खेळाडू. इथे जाहिरात नाही, परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही. पदक, प्रस्ताव, मंत्रिमंडळ, आदेश.

कायद्याच्या दृष्टीनं या दोहोंचा पाया एकच आहे आणि तो समजून घेतला तर अर्धा गोंधळ मिटतो. राज्यघटनेच्या कलम १६(४) मधलं आरक्षण मागासवर्गांसाठी आहे. खेळाडू त्यात बसत नाहीत. खेळाडूंना मिळणारं प्राधान्य कलम १६(१) मधून येतं. समान संधी म्हणजे सगळ्यांना एकाच काट्यावर तोलणं असा अर्थ होत नाही. वेगळेपणाला सबळ कारण असेल तर वेगळा गट करता येतो. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानं उभं (मागासवर्गांचं) आणि आडवं (म्हणजेच समांतर, प्रत्येक प्रवर्गाच्या आत ठेवलेलं) आरक्षण वेगळं करून दाखवलं आणि आडव्या आरक्षणाला कलम १६(१) चा आधार दिला, तो याच विचारानं. म्हणजे खेळाडूला प्राधान्य देणं घटनाबाह्य आहे, ही ओरड चुकीची आहे. मात्र या सवलतीचा सगळा भार ‘सबळ कारण’ या दोन शब्दांवर आहे. कारण सांगता आलं पाहिजे, आणि ते एकाच्या बाबतीत जसं लागू होतं तसंच दुसऱ्याच्याही बाबतीत झालं पाहिजे.

थेट नियुक्ती नेमकी इथे अडखळते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं उमादेवी प्रकरणात सांगितलं की, जाहिरात आणि खुली स्पर्धा टाळून मागच्या दारानं केलेली नेमणूक पुढे कायम करता येत नाही. तो निकाल रोजंदारी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांबद्दलचा होता, पण त्याची सावली प्रत्येक विनास्पर्धा नियुक्तीवर पडते. सरकारचं उत्तर असतं, आमच्याकडे जीआर आहे. पण जीआर हा कार्यकारी आदेश आहे. सेवाप्रवेश नियम, म्हणजे कोणत्या पदावर कुणाला कसं घ्यायचं हे सांगणारे नियम, जिथे गप्प आहेत तिथली पोकळी आदेशानं भरता येते, नियम मात्र आदेशानं मोडता येत नाही. हे तत्त्व १९६७ च्या संतराम शर्मा निकालापासून चालत आलेलं आहे. सेवाप्रवेश नियमात ‘पदवी आणि आयोगाची परीक्षा’ लिहिलेलं असेल आणि एखादा जीआर ‘पदक पुरे’ म्हणत असेल, तर भांडण कोण जिंकणार हे सांगायला मोठा वकील लागत नाही. पदकाची बातमी पहिल्या पानावर असताना असले वाद कुणी काढत नाही, एवढंच. ते निघतात चार-पाच वर्षांनी, ज्येष्ठता यादी लागते तेव्हा.

आता जिथे सगळ्यात जास्त सडलंय तिकडे वळू. पाच टक्क्यांच्या आरक्षणात परीक्षा असते, म्हणून ते स्वच्छ असेल असं वाटणं साहजिक आहे. पण कटऑफमध्ये खेळाडूंसाठीचा फरक मोठा असला की प्रमाणपत्राला भाव येतो आणि भाव आला की बाजार भरतो. ट्रॅम्पोलिन हा ताणलेल्या जाळीवर उड्या मारण्याचा खेळ महाराष्ट्रातल्या किती गावांत खेळला जातो? त्याचं साहित्य किती शाळांत आहे? तरीही एक काळ असा आला की सरकारी भरतीत ट्रॅम्पोलिनचे ‘राष्ट्रीय खेळाडू’ रांगेनं निघू लागले. चौकशा झाल्या, गुन्हे नोंदवले गेले, खोटी प्रमाणपत्रं खरी ठरवून देणारे क्रीडा खात्यातलेच हात सापडले. पुढे खात्याला समर्पण योजना काढावी लागली: बोगस प्रमाणपत्र स्वतःहून परत करा. खेळाच्या मैदानात खिलाडूवृत्ती म्हणतात ती हीच की काय, कोण जाणे.

बोगस प्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी टिकत नाही. जातीच्या खोट्या दाखल्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये बहिरा प्रकरणात हे महाराष्ट्राच्याच संदर्भात ठणकावून सांगितलं. दाखला खोटा ठरला की नोकरी जाते, मग किती वर्षं सेवा झाली याला महत्त्व नाही. खेळाच्या प्रमाणपत्राला वेगळा न्याय लावायचं मला तरी काही कारण दिसत नाही. पण माझी खरी तक्रार पुढची आहे. बोगसांमुळे पडताळणी कडक झाली, ते योग्यच; मात्र ती कडक होण्याबरोबर संथही झाली. आता क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून पडताळणी अहवाल आल्याशिवाय खेळाडू म्हणून अर्ज करता येत नाही. ज्या मुलीनं खरोखर राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेतलंय, तिचं प्रकरण संघटनेकडून कागद यायचे आहेत म्हणून पडून राहतं आणि इकडे जाहिरातीची शेवटची तारीख उलटून जाते. ती सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जाते. सरकारी वकील उभे राहून म्हणतात, पात्रता अंतिम तारखेला असायला हवी. कायद्यानं ते बरोबरही असतं. पदक तारखेच्या आधीचं, शिक्का तारखेनंतरचा. चोरांनी केलेल्या उद्योगाचा दंड तिनं भरायचा.

माझ्या मते इथे कोर्टांनी पदकाची तारीख आणि शिक्क्याची तारीख यांत फरक करायला हवा. पात्रता पदकानं येते. पडताळणी हा त्या पात्रतेचा पुरावा आहे. पुरावा उशिरा येण्यात उमेदवाराचा दोष नसेल तर त्याला बाहेर काढणं म्हणजे कार्यालयाच्या दिरंगाईला नियमाचा दर्जा देणं होय. आणि कोर्टानं हे ठरवण्याची वाट तरी का पाहायची? पदक मिळाल्यानंतर ठरावीक दिवसांत, नोकरीचा अर्ज असो वा नसो, पडताळणी झालीच पाहिजे, असं सरकारनं लिहून टाकलं तर या वर्गातली निम्मी प्रकरणं उभीच राहणार नाहीत. आपण पडताळणी नोकरीच्या दारात करतो, जिथे लाच द्यायला सगळ्यात जास्त कारण असतं. ती मैदानाजवळ करा, स्पर्धा संपल्या संपल्या, जेव्हा कोण खेळलं आणि कोण नाही हे शंभर लोकांनी पाहिलेलं असतं.

मग येतो मोजमापाचा प्रश्न. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली, त्यानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. पदक नाही. दुसरीकडे, सहा देश आलेल्या एखाद्या स्पर्धेत सुवर्ण घेणारा खेळाडू. तोही ‘आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेता’. कोण मोठं? खेळ कळणाऱ्या माणसाला हा प्रश्नच विनोदी वाटेल, पण तक्त्यात ‘सुवर्ण’ असा रकाना असतो आणि ‘जगात दहावी’ असा रकाना सहसा नसतो. ललिता बाबरला महाराष्ट्रानं उपजिल्हाधिकारी केलं, उत्तम केलं. पण दुसऱ्या बाजूला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून ओळखली जाणारी धावपटू कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली कांस्यपदक विजेती आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेतली रौप्यपदक विजेती, आपल्याला थेट नियुक्तीसाठी ताटकळत ठेवल्याची तक्रार जाहीरपणे करत होती. कुणाच्या बाबतीत काय ठरलं आणि कशामुळे, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. मग लोक आपापली कारणं शोधतात. जात, जिल्हा, आमदार. ती खरी असोत वा नसोत, सरकारनं निकष आणि नावांची यादी छापली नाही की अशी कारणं उगवणारच.

खेळांच्या यादीचंही तसंच. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या क्रीडा भरतीसाठी मान्य खेळ ४३ होते, २०२० मध्ये ते ६३ झाले. मल्लखांब आला, रस्सीखेच आली, टेनिस बॉल क्रिकेटही आलं. मल्लखांबाच्या समावेशानं कुठल्याही मराठी माणसाला बरंच वाटेल, मलाही वाटलं. पण प्रत्येक नवा खेळ यादीत येतो तेव्हा त्याच्यामागे एक संघटना येते, आणि प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार त्या संघटनेकडे असतो. कुस्ती महासंघाला क्रीडा मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये निलंबित केलं ते मार्च २०२५ पर्यंत. एखाद्या खेळात दोन दोन संघटना आपणच खऱ्या म्हणून राज्य स्पर्धा भरवतात. अशा काळात घेतलेल्या स्पर्धांतल्या मुलांनी काय करायचं? चटईवर उतरताना मुलगा काही संघटनेची मान्यता तपासून उतरत नाही. वस्तादानं सांगितलं, गेला, जिंकला. नोकरीच्या वेळी त्याला कळतं की आपण चुकीच्या संघटनेच्या स्पर्धेत जिंकलो. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं क्रीडा न्यायाधिकरणाची सोय केली आहे. त्यामुळे संघटनांची भांडणं लवकर निकालात निघाली तर या मुलांचा थोडा फायदा होईल.

आता मी जे म्हणणार आहे ते अनेक क्रीडाप्रेमींना आवडणार नाही. उपजिल्हाधिकारी आणि पोलीस उपअधीक्षक ही पदं बक्षीस म्हणून देऊ नयेत. तेलंगणानं २०२४ मध्ये क्रिकेटपटू महंमद सिराजला पोलीस उपअधीक्षक केलं, पदवीची अट शिथिल करून. त्याच सुमारास मुष्टियोद्धा निखत झरीनलाही तेच पद मिळालं. क्रिकेटपटू रिंकू सिंगला जिल्ह्याचा प्राथमिक शिक्षण अधिकारी करणार अशी बातमी २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातून आली, तेव्हा त्याच्या स्वतःच्या शालेय शिक्षणावरून समाजमाध्यमांत जी थट्टा झाली ती त्या खेळाडूच्या वाट्याला यायला नको होती. त्यानं पद मागितलं म्हणून नव्हे, देणाऱ्यांनी विचार केला नाही म्हणून ती आली. जमिनीच्या फेरफाराचं अपील ऐकणारा, जमावबंदीचे आदेश काढणारा, अटकेवर सही करणारा अधिकारी हा मानाचा फेटा नाही. त्याच्या समोर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या षटकारांशी देणंघेणं नसतं.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. खेळाडूकडून पुन्हा पदवीच मागायची असेल तर सवलत कसली? चंदीगडच्या एका अभियांत्रिकी संस्थेनं क्रीडा कोट्यातल्या प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्क्यांची अट घातली होती. देव गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये ती उडवली. खेळासाठी कोटा ठेवायचा आणि शिरताना गुणांची चाळणी लावायची, तर खेळाडूंऐवजी हुशार विद्यार्थीच आत येतील, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो. मग माझी पदवीची मागणी त्याच्या विरोधात जात नाही का?

मला वाटतं, नाही. दोन प्रकारच्या अटी असतात. एक अट उमेदवारांना रांगेत लावण्यासाठी असते: कुणाला ७५, कुणाला ६२. ती खेळाडूसाठी सोडायलाच हवी, कारण त्याची रांग वेगळी आहे. दुसरी अट कामासाठी असते: हे काम करायला एवढं तरी यायला हवं. ती खेळाडूसाठी सोडली तर नुकसान खेळाडूचं होत नाही, ज्यांच्यावर तो अधिकार चालवणार त्यांचं होतं. या दुसऱ्या अटीला मुदत देता येते. पद मिळालं, पगार सुरू, पण अमुक वर्षांत पदवी आणि खात्याची परीक्षा. तोवर अधिकाराचं काम नाही. सैन्यदलं वर्षानुवर्षं खेळाडू घेतात. नीरज चोप्रा २०१६ मध्ये नायब सुभेदार म्हणून गेला, पण त्याच्या हाती कुणी जिल्हा दिला नाही. तो भाला फेकत राहिला, आणि ते त्याचं काम होतं.

खरं तर नोकरी देताना खेळाडूनं नंतर काय करावं अशी आपली अपेक्षा आहे, हे सरकारनं कधी नीट ठरवलेलंच नाही. केरळचा फुटबॉलपटू सी. के. विनीत महालेखापाल कार्यालयात क्रीडा कोट्यातून लागला होता. २०१७ मध्ये त्याला काढलं, हजेरी पुरेशी नाही म्हणून. मैदानावर होता म्हणून हजेरी नव्हती, आणि मैदानावर होता म्हणूनच तर नोकरी मिळाली होती! पुढे राज्य सरकारनं त्याला दुसरी नोकरी दिली, म्हणजे पुन्हा एकदा घोषणाच. खेळाडूसाठी विशेष रजा किती, सरावाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा का, निवृत्त झाल्यावर त्याला कोणत्या टेबलावर बसवायचं, पदोन्नतीत त्याची ज्येष्ठता कुठून धरायची, हे नियमात नसेल तर प्रत्येक गोष्ट एकेका साहेबाच्या मर्जीवर जाते, आणि मर्जी फिरली की न्यायाधिकरणात.

खाशाबा जाधवांचं नाव या विषयात घेतल्याशिवाय कुणी लेख संपवत नाही, मीही संपवणार नाही; पण जरा वेगळ्या कारणासाठी. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य, १९५५ मध्ये मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक. आजच्या हिशेबानं हे फारच कमी आणि लोक हळहळतात की त्यांना उपअधीक्षक करायला हवं होतं. मला वाटतं, त्यांना हव्या होत्या त्या गोष्टी याहून साध्या होत्या: हेलसिंकीला जायला वर्गणी मागावी लागायला नको होती, आणि खात्यात असताना त्यांच्या हाताखाली एखादी तालीम असायला हवी होती. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्र राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. पोलीस, शिक्षण, आदिवासी विकास, क्रीडा या खात्यांत खेळाशी जोडलेली पदं निर्माण करता येतात. प्रशिक्षक, क्रीडा अधिकारी, पोलीस क्रीडा विभाग. त्यांचा पगार वर्ग एकचा ठेवा, कुणाची हरकत नाही. गोळेश्वरच्या या पैलवानाला तहसीलच्या फाईलींपेक्षा आखाड्याची माती जास्त कळत होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तेज प्रकाश पाठक प्रकरणात सांगितलं की, भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर तिचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, मूळ नियमांतच तशी मुभा असल्याशिवाय. क्रिकेट पाहणाऱ्या देशाला हे वेगळं समजावून सांगायला नको होतं. पण थेट नियुक्तीत आपण नेमकं हेच करतो: डाव संपल्यावर धावफलक पाहून नियम लिहितो. पुढचं ऑलिम्पिक २०२८ मध्ये लॉस एंजलिसला आहे. त्यात पदक आणणाऱ्याला, अंतिम फेरी गाठणाऱ्याला, पॅरा आणि मूकबधिर खेळाडूंना, सांघिक खेळातल्या राखीव खेळाडूला, कोणतं पद, किती मुदतीत, कोणत्या अटीवर, हे राज्यघटनेच्या कलम ३०९ खालच्या सेवाप्रवेश नियमांत आजच लिहिता येईल. आज कुणाच्या गळ्यात ते पदक नाही, त्यामुळे कुणाचं नाव डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं, असा आरोपही कुणाला करता येणार नाही.